शॉर्टजीने डुप्लिकेट ग्राफ काढताना: आधी फाईल नीट करा, मग कमांड मारा

शॉर्टजी म्हणजे ग्राफच्या फाईलीतले डुप्लिकेट काढणारं कमांड-लाइन टूल, आणि ग्राफ म्हणजे इथे ठिपके (नोड) आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा (एज). "शॉर्टजी चालवलं, दहा हजाराचे चार हजार झाले, आता हे बरोबर आहे का?" हा प्रश्न मला ओळखीतल्या पोरापोरींकडून इतक्यांदा आलाय की एकदाच सगळं लिहून टाकतो. माझा अनुभव असा की टूल जवळपास कधीच चुकत नाही. चूक असते ती आपण दिलेल्या फाईलीत, किंवा "सारखे ग्राफ" म्हणजे नेमकं काय हे आपण ठरवलेलंच नसतं त्यात. म्हणून या लेखात खरी कमांड अर्ध्यानंतर येते, कंटाळा येऊ देऊ नका.

एक आधीच सांगतो, कमांड मी देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना रोमनमध्ये करायच्या. शॉर्टजी म्हणजे इंग्रजी शॉर्ट आणि त्याला चिकटून एक जी, तसंच लेबलजी, काउंटजी, शोजी, पिकजी. जेंग म्हणजे जी-ई-एन-जी. ऑप्शनमधलं अक्षर मुद्दाम कॅपिटल सांगितलं नसेल तर स्मॉल.

## १. इन्स्टॉल करा आणि टूलचं नाव तपासा

ही सगळी टूल्स नॉटी नावाच्या पॅकेजमध्ये येतात. उबुंटू किंवा डेबियनवर एपीटीने घ्या, मॅकवर होमब्रूने, विंडोजवर डब्ल्यूएसएल टाकून त्यात उबुंटू. सोर्समधून करायचं असेल तर नेहमीचं कॉन्फिगर आणि मेक, अवघड काही नाही.

इथे अडकतात: डेबियन-उबुंटूच्या पॅकेजमध्ये टूलच्या नावाआधी "नॉटी-" लावलेलं असतं. म्हणजे नुसतं शॉर्टजी मारलं की "कमांड नॉट फाउंड" येतं आणि लोक पॅकेज काढून परत टाकत बसतात. तिथे नॉटी-शॉर्टजी असं टाइप करा.

चेक: जेंग हे दिलेल्या नोड-संख्येचे सगळे वेगळे ग्राफ छापणारं टूल, जेंग ४ असं चालवा. माहितीच्या ओळी सोडून ग्राफच्या ११ ओळी यायला पाहिजेत, कारण चार नोडचे एकमेकांपेक्षा वेगळे असे ११ च ग्राफ आहेत. जेंग ५ ला ३४, जेंग ६ ला १५६. हे आकडे पाठ करून ठेवा, पुढे कामाला येतात.

## २. "सारखे" म्हणजे काय ते कागदावर लिहा

हसू नका, खरंच लिहा. शॉर्टजीला फक्त कुठला नोड कुठल्या नोडला जोडलाय एवढंच दिसतं. नोडचं नाव, रंग, एजचं वजन, एज सिंगल की डबल, यातलं काहीही त्याला माहीत नसतं.

आमच्या एका ज्युनिअरने रेणूंचे ग्राफ केले होते, हायड्रोजन सोडून. इथेनॉल म्हणजे कार्बन-कार्बन-ऑक्सिजन आणि डायमिथाइल ईथर म्हणजे कार्बन-ऑक्सिजन-कार्बन. दोन्हीकडे तीन नोड, दोन एज, सरळ रेष. शॉर्टजीने दोन्हीला एकच ठरवून एक उडवला. टूलच्या दृष्टीने अगदी बरोबर, केमिस्ट्रीच्या दृष्टीने पार वाट.

तर स्वतःला विचारा: नोडचे प्रकार आहेत का? एजला दिशा आहे का? दोन नोडमध्ये एकापेक्षा जास्त एज आहेत का? नोड स्वतःलाच जोडलाय असं कुठे आहे का? सगळ्याचं उत्तर "नाही" असेल तर पायरी ६ पूर्ण सोडून द्या. नोडचे प्रकार असतील तर मात्र ती पायरी तुमच्यासाठीच आहे. दुहेरी एज असतील तर सरळ फाईल देऊ नका, शॉर्टजी त्यासाठी नाहीये. अशा वेळी प्रत्येक जादा एजच्या मधोमध एक नवीन नोड घाला आणि त्याला वेगळा प्रकार द्या, म्हणजे प्रश्न परत पायरी ६ वर येतो.

## ३. ग्राफ६ फाईल तयार करा

शॉर्टजीला ग्राफ द्यायचे ते ग्राफ६ नावाच्या टेक्स्ट फॉरमॅटमध्ये, त्यात एक ओळ म्हणजे एक ग्राफ. एकदा हाताने एक ओळ वाचून बघा, नंतर भीती वाटत नाही.

समजा ओळ आहे कॅपिटल सी आणि स्मॉल एच. कॅपिटल सीचा आस्की नंबर ६७, त्यातून ६३ वजा केले की ४, म्हणजे चार नोड. स्मॉल एचचा १०४, वजा ६३ म्हणजे ४१, बायनरीत १०१००१. हे सहा बिट क्रमाने ०-१, ०-२, १-२, ०-३, १-३, २-३ या जोड्यांचे. एक आला तिथे एज, म्हणजे ०-१, १-२ आणि २-३. चार नोडची सरळ साखळी! लक्षात घ्या की जोड्यांचा तक्ता मांडला तर क्रम आडव्या ओळीने नाही तर उभ्या स्तंभाने जातो. स्वतः कन्व्हर्टर लिहिणारे दहातले सहा जण इथे चुकतात, आणि गंमत म्हणजे फाईल तरीही "चालते", फक्त ग्राफ भलतेच असतात.

शक्यतो स्वतः लिहूच नका, पायथॉनमधलं नेटवर्कएक्स वापरा. पण त्याचेही खाचखळगे आहेत:

- नेटवर्कएक्स बाय डिफॉल्ट प्रत्येक ग्राफच्या आधी >>ग्राफ६<< असा हेडर चिकटवतं. लूपमध्ये लिहिलं की प्रत्येक ओळीवर हेडर येतो, आणि हेडर फक्त फाईलीच्या सुरुवातीलाच चालतो. हेडर=फॉल्स द्या आणि विषय संपवा.
- सेल्फ लूप (नोड स्वतःलाच जोडलेला) असेल तर ग्राफ६ लिहिताना तो गुपचूप गाळला जातो, एरर नाही, वॉर्निंग नाही. लूप हवे असतील तर स्पार्स६ हा दुसरा फॉरमॅट वापरा.
- एज लिस्टवरून ग्राफ बनवलात तर एकटे नोड गायब होतात, कारण त्यांची एजच नाही तर ते लिस्टमध्ये येणार कुठून? नोड आधी वेगळे टाका, मग एज.
- नोडचे नंबर १ पासून असतील आणि कन्व्हर्टर ० पासून मोजत असेल तर प्रत्येक ग्राफला एक फुकटचा शून्य नंबरचा नोड चिकटतो.

दिशा असलेले ग्राफ ग्राफ६ मध्ये बसतच नाहीत, त्यांना डायग्राफ६ लागतं. तसली ओळ अँपरसँडने सुरू होते, स्पार्स६ ची कोलनने. फाईलीची पहिली ओळ बघून लगेच कळतं.

सावधान: ग्राफ६ मध्ये आस्की ६३ ते १२६ मधलं कुठलंही अक्षर येऊ शकतं, म्हणजे बॅकस्लॅश, बॅकटिक, पाइप, टिल्डे, प्रश्नचिन्ह सगळं आलं. टर्मिनलवर हाताने ओळ देत असाल तर सिंगल कोटमध्येच द्या आणि इकोऐवजी प्रिंटएफ वापरा, काही शेलमध्ये इको बॅकस्लॅशचा वेगळा अर्थ लावतं. शेल स्क्रिप्टमध्ये रीडने ओळी वाचत असाल तर -आर लावा, नाहीतर बॅकस्लॅश खाल्ले जातात. आणि कृपया ही फाईल वर्डमध्ये उघडून सेव्ह करू नका.

## ४. फाईल तपासा, रन करू नका अजून

तीन गोष्टी, पाच मिनिटं:

पहिली, ओळी मोजा, डब्ल्यूसी -एल ने. तुमच्याकडे मुळात जितके ग्राफ होते तितक्याच ओळी हव्यात.

दुसरी, कुठल्याही तीन-चार ओळी शोजी -ई ला देऊन एजची यादी बघा आणि मूळ ग्राफशी ताडून पाहा. सुरुवातीच्याच तीन ओळी घेऊ नका, मधल्या आणि शेवटच्या पण घ्या, बिघाड बहुतेक शेवटी असतो.

तिसरी, काउंटजी --ई फाईलवर चालवा. किती एज असलेले किती ग्राफ आहेत हे दाखवतं. ती यादी सेव्ह करून ठेवा, शेवटच्या पायरीला लागणार आहे.

फाईल विंडोजवरून आली असेल तर ओळीच्या शेवटी न दिसणारा कॅरेज रिटर्न असतो, दोस-टू-युनिक्स मारून घ्या.

## ५. आधी खेळणं, मग खरं काम

### ५-अ. ६४ चे ११

चार नोडवर एकूण सहा जोड्या, म्हणजे नोडच्या नावांसकट मोजले तर ६४ ग्राफ. आणि वर बघितलं तसं चार नोडच्या ग्राफची ओळ म्हणजे कॅपिटल सी आणि पुढे फक्त एक अक्षर. तेव्हा पायथॉनमध्ये ६३ ते १२६ पर्यंत लूप लावा, प्रत्येक आकड्याचं सीएचआर घ्या, पुढे कॅपिटल सी जोडून प्रिंट करा. झाली टेस्ट फाईल, नाव देऊ चार.जी६.

शॉर्टजी -व्ही चार.जी६ चार-आउट.जी६

आउटपुटमध्ये ११ ओळी आल्या पाहिजेत. -व्ही मुळे कुठल्या गटात इनपुटमधल्या कुठल्या ओळी गेल्या ते स्क्रीनवर दिसतं. गटांचे आकार मोजा: १ चे दोन (रिकामा आणि सगळं जोडलेला), ३ चे दोन, ४ चे दोन, ६ चे दोन आणि १२ चे तीन. बेरीज ६४. हे जुळलं म्हणजे तुमचं इन्स्टॉलेशन आणि तुमची समज दोन्ही ठीक आहे. नाही जुळलं तर खऱ्या डेटाला हात लावू नका.

### ५-ब. खरा रन

सावधान, या लेखातली सगळ्यात महाग ओळ: आउटपुट फाईलचं नाव दिलं नाही तर शॉर्टजी इनपुट फाईलवरच लिहितं. बाकीची बरीच टूल्स स्क्रीनवर छापतात, लेबलजीसुद्धा, म्हणून सवयीने आपण एकच नाव देऊन एंटर मारतो. मी मारलंय. तीन दिवस चाललेल्या सिम्युलेशनमधून आलेले ग्राफ होते, मूळ नंबरिंगसकट, आणि बॅकअप अर्थातच "उद्या घेऊ" मध्ये होता. उरलं काय तर छान नीटनेटकी, नोडचे नंबर बदललेली, क्रम उलटापालटा झालेली फाईल, जिचा माझ्या बाकीच्या डेटाशी काही संबंध उरला नव्हता. तेव्हापासून मूळ फाईलला सीएचमॉडने फक्त-वाचा करतो आणि मगच पुढे जातो.

क्रम असा ठेवा:

१) शॉर्टजी -यू मूळ.जी६ – हे काही लिहीत नाही, फक्त किती उरतील तो आकडा सांगतं. आकडा बघून पोटात गोळा आला तर इथेच थांबा आणि पायरी २ परत वाचा.

२) शॉर्टजी -डीके मूळ.जी६ जोड्या.जी६ – ज्यांना जोडीदार सापडला असे सगळे ग्राफ, मूळ नंबरिंगसकट. यातले दोन-तीन काढून कागदावर ताडून बघा.

३) शॉर्टजी -के मूळ.जी६ स्वच्छ.जी६ – हा खरा रन.

-के कशाला? -के नसेल तर आउटपुटमध्ये प्रत्येक ग्राफचे नोड नव्याने नंबर लावलेले असतात, म्हणजे तुमचा ३ नंबरचा नोड आता ३ असेलच असं नाही. नोडला पुढे काही अर्थ असेल तर -के लागतोच. फक्त संख्या हवी असेल किंवा दोन फाईली जुळवायच्या असतील तर -के नको. आणि -के असो वा नसो, ओळींचा क्रम इनपुटचा राहत नाही हे लक्षात ठेवा.

-के लावल्यावर फॉरमॅट बदलणारे -जी आणि -एस चालत नाहीत. दोन्ही हवं असेल तर आधी डुप्लिकेट काढा, फॉरमॅट नंतर बदला.

## ६. नोडचे प्रकार असतील तर

यासाठी -एफ आहे. त्याला चिकटूनच, मध्ये स्पेस न देता, अक्षरांची माळ द्यायची: पहिलं अक्षर पहिल्या नोडचं, दुसरं दुसऱ्याचं. एकच अक्षर म्हणजे एकच प्रकार. माळ छोटी पडली तर उरलेल्या नोडना झेड मिळतं.

आता मेख बघा. ही माळ संपूर्ण फाईलला एकच असते. पहिल्या ग्राफमध्ये ऑक्सिजन तिसरा आणि दुसऱ्यात पहिला असेल तर -एफ बिनकामाचं, उलट चुकीचं उत्तर देईल. म्हणून ग्राफ६ बनवतानाच नोड लावून घ्यायचे, आधी सगळे कार्बन, मग सगळे ऑक्सिजन, आणि दोन कार्बन-एक ऑक्सिजनवाले एका फाईलीत, तीन कार्बन-एक ऑक्सिजनवाले दुसऱ्या. कंटाळवाणं आहे, दुसरा सोपा रस्ता मला तरी सापडलेला नाही.

मघाचेच रेणू घेऊ, तीन ओळींची फाईल:

- कॅपिटल बी, स्मॉल जी: ०-१ आणि १-२, म्हणजे इथेनॉल
- कॅपिटल बी, कॅपिटल डब्ल्यू: ०-२ आणि १-२, म्हणजे ईथर
- कॅपिटल बी, स्मॉल ओ: ०-१ आणि ०-२, म्हणजे परत इथेनॉलच, फक्त कार्बनची अदलाबदल

तिन्हींत ० आणि १ कार्बन, २ ऑक्सिजन.

चेक: साधं शॉर्टजी -यू दिलं तर १ येतो. शॉर्टजी -एफएएबी -यू दिलं तर २. तुमच्या मशीनवर हेच यायला पाहिजे, आलं की मग मोठ्या फाईलकडे वळा.

## ७. ग्राफसोबत दुसरा डेटा असेल तर

प्रत्येक ग्राफची ऊर्जा, आयडी, काहीतरी वेगळ्या फाईलीत ओळीला ओळ ठेवलेलं असतं ना, ते शॉर्टजीनंतर जुळत नाही. इथे शॉर्टजी सोडा आणि लेबलजी घ्या. लेबलजी काही काढत नाही, प्रत्येक ग्राफचं प्रमाण रूप (नोडना ठरावीक पद्धतीने नव्याने नंबर लावलेलं रूप) करून त्याच क्रमाने देतं. आयसोमॉर्फिक, म्हणजे नुसते नोडचे नंबर बदलले की एकच होणाऱ्या, ग्राफचं प्रमाण रूप अक्षरशः एकच ओळ असते, मग उरतं काय, तर नेहमीचं ओळी जुळवणं.

१) लेबलजी -क्यू मूळ.जी६ प्रमाण.जी६ (नोडचे प्रकार असतील तर इथेही तोच -एफ)

२) पेस्टने तीन फाईली शेजारी शेजारी चिकटवा: प्रमाण, मूळ, डेटा. ग्राफ६ मध्ये टॅब किंवा स्पेस येतच नाही, त्यामुळे टॅबने कॉलम पाडायला काही धोका नाही.

३) सगळ्यात कमी ऊर्जेचा ग्राफ ठेवायचा असेल तर आधी ऊर्जेच्या कॉलमने चढत्या क्रमाने सॉर्ट करा.

४) मग एलसी_ऑल=सी सॉर्ट -यू फक्त पहिल्या कॉलमवर, म्हणजे -के१,१ लावून. लिनक्सवरचं सॉर्ट -यू सारख्यांमधली आधी आलेली ओळ ठेवतं, म्हणून ३) मधलं ऊर्जेचं सॉर्ट आधी.

एलसी_ऑल=सी (सगळं कॅपिटलमध्ये) विसरू नका. ते नसेल तर सॉर्ट तुमच्या भाषेच्या सेटिंगप्रमाणे अक्षरं लावतं, त्यात विरामचिन्हांना वेगळे नियम असतात, आणि ग्राफ६ ची ओळ तर अर्धी विरामचिन्हांचीच.

हेडरची शेवटची खोडी: हेडर वेगळ्या ओळीवर नसतो, पहिल्या ग्राफला चिकटलेला असतो, आणि लेबलजी तो तसाच पुढे पाठवतं. मग पहिल्या ग्राफची ओळ कुणाशीच जुळत नाही आणि यादीत नेमका एक डुप्लिकेट जास्त राहतो. एकाने उत्तर "फक्त एकने" चुकतंय म्हणून दोन दिवस घालवले, कारण हे निघालं.

## ८. फाईल मोठी असेल तर

शॉर्टजी आतून सॉर्ट वापरतं आणि त्याला तात्पुरती जागा लागते, सहसा टीएमपी फोल्डर. ते छोटं असेल तर कॅपिटल टीने, म्हणजे -टी आणि चिकटून फोल्डरचा पत्ता, दुसरी जागा द्या. स्मॉल टी वेगळी आहे, ती ट्रेसेस नावाचा दुसरा अल्गोरिदम लावते, फार सममित आणि हट्टी ग्राफ असतील तर तीही एकदा वापरून बघा.

फाईलीचे तुकडे करायचे तर ओळींच्या संख्येने करू नका, जोडीदार दोन तुकड्यांत विभागले जातील. एजच्या संख्येने करा, पिकजी -ई१२ म्हणजे १२ एजवाले सगळे बाजूला. एजची संख्या वेगळी असलेले ग्राफ आयसोमॉर्फिक असूच शकत नाहीत, त्यामुळे असे तुकडे वेगवेगळे स्वच्छ करून नुसते एकापुढे एक जोडले तरी चालतं. नोडची संख्या वेगळी असेल तर तेही तसंच.

आणि एक, प्रमाण रूप हे काही देवाने दिलेलं नाही. नॉटीचं व्हर्जन बदललं, ट्रेसेस लावलं किंवा ऑप्शन बदलले की प्रमाण रूपही बदलू शकतं. लॅबमधल्या मशीनवर मागच्या वर्षी केलेली प्रमाण फाईल आणि आज लॅपटॉपवर केलेली फाईल ओळीने ओळ ताडू नका. दोन्ही मूळ फाईली एकत्र करून एकाच मशीनवर, एकाच कमांडने परत चालवा.

## ९. झाल्यावरचे तीन चेक

स्वच्छ फाईलवर परत शॉर्टजी -यू चालवा, तेच ऑप्शन ठेवून. आकडा बदलला नाही पाहिजे. बदलला तर बहुतेक तुकडे चुकीचे केलेत, किंवा -एफ एकदा दिलं आणि एकदा विसरलात.

पायरी ४ ची काउंटजी --ई ची यादी काढा आणि स्वच्छ फाईलवरही तेच चालवा. आधी जेवढ्या प्रकारच्या एज-संख्या होत्या तेवढ्या सगळ्या नंतरही दिसल्या पाहिजेत, फक्त प्रत्येकीपुढचा आकडा कमी किंवा तेवढाच. आपल्या ६४ च्या खेळण्यात आधी ० ते ६ एजना १, ६, १५, २०, १५, ६, १ असं येतं आणि नंतर १, १, २, ३, २, १, १. एखादी एज-संख्या पूर्णच गायब झाली तर ते डुप्लिकेट काढणं नाही, डेटा सांडणं आहे.

तिसरा, वरची मर्यादा. आठ नोडचे एकूण वेगळे ग्राफ १२३४६ आहेत, त्यातले जोडलेले, म्हणजे कुठल्याही नोडवरून एज धरून कुठल्याही नोडला जाता येतं असे, ११११७. तुमच्या आठ नोडच्या, नोडचे प्रकार नसलेल्या, जोडलेल्या ग्राफच्या यादीत डुप्लिकेट काढूनही ११५०० उरले असतील तर यादीत एकतर तुटलेले ग्राफ शिरलेत, नाहीतर काही ओळींना तो फुकटचा शून्य नंबरचा नोड चिकटलाय. काउंटजी --एन चालवून बघा, ९ नोडवाले लगेच सापडतील.